चारशे बारा

मंगळवार, ९ जून

बाईंना संगणकावर चारशे बारा शोधनिबंध सापडले, मलाही चारशे बारा. बैठकीत किती कौतुक झालं होतं — दोघींचा शोध कसा तंतोतंत जुळला! जुळणारच. मी त्यांचेच शोधशब्द चिकटवून बटण दाबलं होतं.

नव्या औषधाची चाचणी घेण्याआधी जुनं संशोधन दोघींनी वेगवेगळं धुंडाळायचं आणि मग ताडून बघायचं, असा नियम. एकीच्या हातून सुटलं तर दुसरीला सापडावं. पण त्या आठवड्यात मुलीला ताप होता. आणि ज्या बाईंनी मला हे काम हाताला धरून शिकवलं, त्यांचं काय चुकणार?

आज रिकामी होते, म्हणून स्वतः शोधलं. चारशे पंधरा.

बुधवार, १० जून

जास्तीचे तीन वाचले. दोन किरकोळ. तिसरा परक्या भाषेतला, सारांश तेवढा इंग्रजीत. बाईंनी ‘फक्त इंग्रजी’वर खूण ठेवली होती, म्हणून तो गळला. सांधेदुखीची हीच गोळी. ती घेणाऱ्या साठीपुढच्या अकरा जणांची नजर अधू झाली.

सोमवारपासून चाळीस म्हाताऱ्यांना गोळी सुरू होणार. त्यात आमचे मामंजी. संमतीपत्रावर सही करताना चाचणीच्या डॉक्टरांना म्हणाले, "सूनबाईनं तपासलेलं औषध, भ्यायचं काय?" सासऱ्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. अजूनही करतात.

उद्या सांगते.

गुरुवार, ११ जून

सांगितलं नाही.

शुक्रवार, १२ जून

बाईंच्या टेबलापर्यंत दोनदा गेले, दोनदा स्टेपलर मागून परत आले. महिनाअखेरीस त्या निवृत्त होतायत. निरोपाचं भाषण मीच लिहितेय, त्यात ‘काटेकोर’ तीनदा आलंय. बोलले तर त्यांची अब्रू जाईल, माझी नोकरी जाईल. भीती वाटते. घास उतरत नाही.

संध्याकाळी मामंजी काही सांगायला आले. "चेहरा का उतरलाय?" म्हटलं, डोकं दुखतंय. तसेच परत गेले.

शनिवार, १३ जून

सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "अगं, मी तरी कुठे नव्यानं शोधलं? सहा वर्षांपूर्वीचा शोध काढला, औषधाचं नाव बदललं. म्हटलं, तू आहेस ना. काही राहिलं तर तुला सापडेल."

म्हणजे कोणीच शोधलं नव्हतं.

दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सारांश दोनदा वाचला आणि चाचणी थांबवली. "पण पाच जणांना आधीच सुरू केलीय. त्यांना उद्याच बोलावतो." नावं आम्हाला सांगत नाहीत. मीही विचारली नाहीत. मामंजी सोमवारवाल्यांतच असणार, नाहीतर बोलले असते. चौकशी होईल, होऊ दे. आज पोटभर जेवले.

रविवार, १४ जून

सकाळीच मामंजी कपडे करून तयार. डोळे तपासायला बोलावलंय म्हणे.

"गुरुवारीच सुरू केली ना गोळी," म्हणाले. "शुक्रवारी सांगायला आलो होतो, पण तुझं डोकं दुखत होतं."