डावीकडे न वळणारी गाडी

ती. ताईस सादर नमस्कार,

भाऊजींची मोटारसायकल डावीकडे वळत नाही, ही बातमी खरी आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने आज सकाळी तिला दुजोरा दिला. तुझा गुडघा कसा आहे? माझी कंबर (जिच्यापायी हे सगळं झालं) आता बरी आहे; खांदे गेले.

भाऊजी परगावी कामाला जाताना गाडी माझ्याकडे ठेवून गेले, ते "जशी देतोय तशीच परत हवी" असं बजावून. पण तिचं हँडल इतकं बुटकं, की ऑफिसला पोहोचेपर्यंत माझी हनुवटी टाकीला टेकायची. म्हटलं, तूर्त उंच हँडल लावू, ते यायच्या आत जुनं चढवू. चार बोल्टचं तर काम. (हे वाक्य मी यापुढे उच्चारणार नाही.) हँडल उंच झालं, केबली मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. त्यामुळे डावीकडे वळवलं, की ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आणि गाडी आपणहून सुसाट सुटते. पहिल्याच वळणावर मी थेट इस्त्रीवाल्याच्या टेबलाला जाऊन भिडलो. माणूस सभ्य, एवढंच म्हणाला, "साहेब, कपडे हातात दिले असते तरी चाललं असतं." तेव्हापासून मी फक्त उजवीकडे वळतो. ऑफिस डावीकडे आहे, म्हणून तीनदा उजवीकडे वळून तिथे पोहोचतो. वाटेतली भाजीवाली आता माझ्याकडे संशयाने बघते.

गॅरेजवाला म्हणतो, लांब केबली पुढच्या महिन्यात येतील, तोवर जुनं हँडल चढवा. मी घरभर शोधलं. शेवटी तुझी भावजय शांतपणे म्हणाली, "अहो, ते बाथरूममध्ये आहे की." गवंडी फरशा बसवत होता, त्याने टॉवेलसाठी दांडी मागितली, हिने माळ्यावरची दिली. आता ती सिमेंटमध्ये पक्की बसली आहे. (टॉवेल छान वाळतात, हे मान्य करायला हवं.) "भिंतीला हात लावलात तर याद राखा," असंही तिने सांगितलं आहे.

तुझा दमलेला,
धाकटा

ता. क. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. भिंत फोडायची परवानगी तेवढी मिळवून दे.

ता. क. आणखी एक. आत्ताच कळलं, की तिने त्या दांडीचा फोटो तुला पाठवला होता आणि "मलाही अशीच हवी" असं तू कळवलंस. ताई, ती दांडी तुझ्याच घरची आहे. भाऊजी शनिवारी पोहोचतील. तुमची गल्ली आमच्या डाव्या हाताला, म्हणून मी गाडी घेऊन शुक्रवारीच निघतोय.