बोटांना न सापडलेला घोडा

दारव्हा, शनिवार, जानेवारी १९६३

आज आर्णीहून माझा धाकटा भाऊ आला. तुरीच्या शेतात सापडलेलं काशाचं चिमुकलं नाणं यांच्या हातावर ठेवून म्हणाला, "भाऊजी, कोणतं आहे पाहा बरं."

साखरेच्या आजारानं डोळे गेल्यापासून हे अंगठा फिरवूनच जुनी नाणी ओळखतात. आज अंगठा कितीतरी वेळ फिरत राहिला. शेवटी म्हणाले, "पार घासून गेलं. काहीच नाही याच्यावर."

मी ते उजेडात धरलं. कोसळलेला घोडा, त्यावरच्या स्वाराला भाला खुपसणारा शिपाई. घोड्याचे पायसुद्धा स्पष्ट. सांगू की नको? तेवढ्यात भाऊच बोलून गेला, "घोडा तं चांगला दिसून राह्यला!"

हे हळूच म्हणाले, "पडेल आहे काय घोडा?"

"हो," मी म्हटलं.

"मंग रोमचं आहे. तिथल्या शेवटल्या बादशहांपैकी कोणाचं तरी."

ओळखलं खरं, पण चेहरा पार उतरला होता.

भाऊ गेल्यावर मी यांचा अंगठा धरून घोड्यावरून फिरवला. "लागते काय हाताले?"

"नाही. मागच्या महिन्यापासून चहाचा कपही गरम लागत नाही. तू रडशील म्हणून बोललो नाही."

मी रडले नाही. फक्त जेवणवेळ झाली तरी यांचा हात सोडवेना.