साहेबाचे निळे डोळे

बाल्कनाबात, ३ मार्च

चि. अकनबात हिस अनेक आशीर्वाद.

टपाल फोडून वाचतात, म्हणून पत्र ट्रकवाल्याच्या हाती देतेय. तेल काढायला परदेशी कंपनी येणार, तिच्या बड्या साहेबाला भेट म्हणून त्याच्याच चेहऱ्याचा गालिचा आम्ही विणतोय. काल-परवापर्यंत परदेशी माणसाशी बोललं तरी चौकशी व्हायची. आता त्याच्या नाकाच्या शेंड्यावर आम्ही चौघी आठ दिवस बसलोय. डोळे निळे, मेल्याचे. एवढी निळी लोकर जन्मात लागली नव्हती.

कारखान्याचे मेरेतआगा म्हणाले, वेळेत झाला तर देशाबाहेर जायचा परवाना देतो. अर्ज त्यांच्या खणात आहे. आईला सांग, इस्तंबूलचे डॉक्टर काहीही म्हणोत, मी आल्याशिवाय कुठे जायचं नाही. येताना उंटिणीचं आंबवलेलं दूध आणते.

तुझी ताई,
ओगुलसापार

इस्तंबूल, २० मार्च

ती. ताईस, सा. न.

आईच्या पोटात आता पातळ भाताशिवाय काही ठरत नाही, जीभ मात्र शाबूत आहे. इथली भाकरी म्हणजे कापूस म्हणते. तुझा निरोप सांगितला तर म्हणाली, तिच्या गाठी पहिल्यापासून सैल, तिला उशीर होणारच. मग भिंतीकडे तोंड करून रडली. डॉक्टर इथल्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे जुलै-ऑगस्टपर्यंत काढेल म्हणतात.

आनंदाची बातमी म्हणजे त्या साहेबाचा दुभाषी म्हणून आमचे हे, बेगेंचच, तिकडे येताहेत. मी बेगेंचना बजावलंय, ताईचं नाव साहेबाच्या कानावर घालाच. तुमच्या एका शब्दाने काम होईल म्हटलं.

माया आहेच, ती वाढव.
अकनबात

बाल्कनाबात, १५ मे

चि. अकनबात,

तुझ्या नवऱ्याने शब्द टाकला. असा टाकला की माझं वाटोळं झालं.

साहेब गालिच्यासमोर उभा राहिला आणि स्वतःलाच बघून विरघळला. बेगेंचने मला पुढे ओढलं, माझ्यासारखा हात देशात नाही म्हणाला. साहेबाने माझे हात हातात घेतले. मग सोबतच्या मंत्र्याला म्हणाला, कंपनीचे आणखी नऊ संचालक आहेत, त्यांचेही याच बाईच्या हातचे हवेत. मंत्री हसले, मेरेतआगा हसले, मीही हसले. हसावं लागतं.

संध्याकाळी परवाना मागितला. मेरेतआगा म्हणाले, वेडी आहेस का, तू आता देशाची ठेव. नऊ झाले की बघू. एकाला आठ महिने लागतात, तूच हिशेब कर.

आईला यातलं काही सांगू नकोस. निघाले म्हणून सांग.

ओगुलसापार

इस्तंबूल, ९ ऑगस्ट

ती. ताईस,

आई मंगळवारी गेली. तू विमानात बसलीस असं मी रोज सांगत होते. शेवटी तिने विचारलं, विमान आहे की गाढव. त्यावर मी हसले गं, आणि ती डोळे मिटून पडली ती उठलीच नाही.

ह्यांना पगारवाढ मिळाली. मी त्यांच्याशी बोलत नाही. पण पाठवलं मीच होतं. जमलं तर क्षमा कर.

अकनबात

बाल्कनाबात, २८ सप्टेंबर

चि. अकनबात,

क्षमा मागू नकोस, माझ्याकडे द्यायला नाही.

कंपनीचं आणि सरकारचं फाटलं. निळ्या डोळ्यांच्या लोकांना आठवड्यात हाकललं. पहिल्या संचालकाचे खांदे झाले होते, तो मागावरून कापून टाकायला लावला. मी मेरेतआगांकडे गेले, म्हटलं आता नऊ गालिचे उरले नाहीत, परवाना द्या, निदान कबरीवर माती टाकून येते. त्यांनी खणातून अर्ज काढला आणि मला वाचून दाखवला. कारणाच्या जागी मीच लिहिलं होतं, आजारी आईला भेटणे. म्हणाले, आई आता आजारी नाही, कारण संपलं, अर्ज रद्द. जवळ बसवून चहाही पाजला.

काल विणायला दुसऱ्या देशाच्या कंपनीतल्या साहेबांचे फोटो आले. अकरा माणसं आहेत, सगळ्यांचे डोळे काळे. लोकर तरी घरची लागेल.

यांचा दुभाषी कोण, मला ठाऊक नाही. बेगेंच असेल तर सांग, त्या बाईला विणता येत नाही म्हणावं. लोभ असू दे. माझं कौतुक मात्र कुणापाशी करू नका.

ओगुलसापार