'सोडून' म्हणजे काय

शनिवार, २१ फेब्रुवारी, अल्फारेटा

डोकं अजून तापलेलंच आहे. उद्या मराठी शाळेत माझ्या लेकीला, ईराला, अमेरिकेतल्या गुलामगिरीवर दोन मिनिटं बोलायचंय. यादवी युद्धातल्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचं वाक्य मीच घाईघाईत मराठीत करून दिलं: 'पुढील तालुके सोडून, बंडखोर राज्यांतले सर्व गुलाम मुक्त.'

जेवताना तिने विचारलं, "सो, या तालुक्यांना आधी सोडलं?"

"सोडून म्हणजे वगळून, एक्सेप्ट फॉर," मी खेकसले. "ते तालुके सरकारी सैन्याने बंडखोरांकडून आधीच जिंकले होते. तिथले गुलाम तसेच राहिले."

"वेट. जिथे खरंच सोडता आलं असतं, तिथेच नाही सोडलं?"

आता काय सांगू? लढाईतला हुकूम होता तो, फक्त शत्रूचे गुलाम सोडवणारा. हे दोन मिनिटांत कसं बसवायचं? आणि समोर सगळे काका-काकू टाळ्या वाजवायला तयार. म्हटलं, ते तालुके गाळून टाक. सगळे सुटले म्हण आणि संपव.

तिने कागद पुढे ओढला. "मग आई, आता तूपण त्यांना सोडून देतेस."

सोडून. तिच्या मराठीत चुका काढायची मला सवय आहे. या वाक्यात एकही सापडली नाही.