चोरीचा अर्ज मिळत नाही, शोधाचा मिळतो

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी कंबर, मोतीबिंदू आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. आम्ही ठणठणीत. (पत्र तपासणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. गुडघा कसा आहे?)

माझ्याकडे ठेवलेली तुझी पेटी सुखरूप आहे, पण मध्यंतरी जरा रामायण घडलं. प्रामाणिक माणसाला किल्ली कशाला, असा फतवा निघून दोन वर्षं झाली आणि माझा कुलपांचा धंदा बसला, हे तू जाणतेसच. गेल्या महिन्यात सरकारने उरल्यासुरल्या किल्ल्याही मागवल्या. तुझ्या भावजयीने कर्तव्यदक्षपणे सगळा जुडगाच नेऊन दिला, त्यात तुझ्या पेटीची किल्लीही गेली. मग नोटीस आली : बंद वस्तू शनिवारी कापून उघडणार आणि आतलं जप्त. भावोजींची सगळी पत्रं त्यात. तू म्हणशील, तू एवढा कुलूपवाला, तारेने उघड. अगं, ते कुलूप मीच बनवलेलं. ‘कुणाच्या बापाला उघडणार नाही’ असं तुला छातीठोक सांगितलं होतं, ते खरं निघालं.

तेव्हा किल्ल्यांचं कोठार फोडायचं ठरलं. साथीला माझा मेहुणा. त्याने बाणबिण काढून नकाशा केला, घड्याळं जुळवली (माझं बंद होतं, तरी जुळवलं). दुपारी एकला पहारेकरी जेवायला जातो. तो परतताना दिसला की मेहुण्याने कोपऱ्यावरून शीळ घालायची. मी लोखंडी दाराला कान लावला. ताई, छाती अशी धडधडत होती की कुलपाचा आवाज कोणता नि माझा कोणता, ते कळेना. दोन खटके पडले. तिसऱ्याला आतून कुणीतरी खोकलं.

“बाहेर कुलूपवाला असेल तर बरं होईल,” आतला आवाज म्हणाला.

तो कोठाराचा कारकून. नियम म्हणजे नियम, म्हणून त्याने सकाळी स्वतःजवळची कोठाराची किल्लीही जमा करून घेतली, पोत्यात टाकली, आणि वाऱ्याने दार लागून कुलूप बसलं. तेव्हापासून बिचारा पोतीच चाचपत होता. मी दार उघडलं, तोच पाठीमागे पहारेकरी. (भीतीने तोंड कोरडं पडून मेहुण्याची शीळच वाजली नव्हती.) पहारेकरी म्हणाला, झालं का उघडून, बरं झालं, कारकूनसाहेबांचा डबा निवत होता. इथून पुढे थरार असा उरलाच नाही. कारकुनाने डबा सोडता सोडता विचारलं, काय काम होतं. इतक्या झटपट थाप सुचेना. मी म्हणालो, “चोरी.”

“त्याचा अर्ज नसतो,” तो म्हणाला. “‘शोध’ लिहा.”

लिहिलं. शोध चालू असेपर्यंत पेटी कापत नाहीत आणि अर्जदाराला आत बसता येतं. म्हणून गेले नऊ दिवस मी कोठारात बसून आहे. अंगणात कापायला आणलेल्या पेट्या-कपाटांची रांग आहे. त्यांना एकेक किल्ली लावून पाहतो, कुलपाला कान देतो. लोक आपापली चीजवस्तू घेऊन घरी जातात. मेहुणा पोत्यांवर क्रमांक टाकतो. नकाशापेक्षा ते त्याला बरं जमतं.

तुझा,
धाकटा

ता. क. : किल्ली मिळाली. दुसऱ्याच दिवशी, तिसऱ्या पोत्यात. आपलं पोर गर्दीतही ओळखू येतं. पत्रं पिठाच्या डब्यात हलवली आहेत. मी एकही वाचलं नाही. तुझ्या भावजयीने सगळी वाचली, आणि तेव्हापासून माझ्याकडे बघून उसासे टाकते.

आणखी एक : हे कारकुनाला कळू देऊ नकोस. शोध संपला की मला पुन्हा घरी भिंतीकडे बघत बसायचं. दोन वर्षांनी कानाला काम मिळालंय. तेव्हा कोठाराच्या पत्त्यावर एक खरमरीत पत्र धाड, की किल्ली अजून मिळत कशी नाही. तू चिडलीस की कसं लिहितेस ते मी लहानपणापासून जाणतो; त्याच्या निम्मं पुरे. (साहेब, तुमच्या कपाटाची किल्लीही सापडली आहे. हे पत्र ताईला पोचल्याचं मला कळलं, की लगेच आणून देतो.)