सात टाक्यांचा दाणा

मारेत,

वाटाण्याचे सूप शेगडीवर आहे, काळा पाव कापडात गुंडाळला आहे. माझी वाट पाहू नये.

नातीच्या लग्नाचे जाळीदार जाकीट आज पाहिले. आम्हा पाचजणींनी एकेक भाग विणला, त्यात डावी बाही माझी होती. जोडलेली बाही मात्र माझी नाही. आपल्या हाप्सालू गावच्या जुन्या रीतीने मी जाळीवरच्या एकेका फुगीर दाण्यात सात टाके घेते. हिच्यात पाच आहेत, म्हणजे हात आमच्या पाचजणींतल्या हेल्वेचा. गुरुवारी बाकावर विणायला जमलो तेव्हा ती सर्वांदेखत म्हणाली, “साल्मे, काय सुरेख उतरली गं तुझी बाही!” चाळीस वर्षे ती मला “डोळे कुठे गहाण ठेवलेस?” एवढेच विचारत आली. तेव्हाच मी ओळखायला हवे होते. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होते, तुलाही.

माझे टाके सुटले असतील, तर ते माझ्या तोंडावर सांगायला हवे होते.

जाकीट तसेच राहू दे. पोरीला काही कळू देऊ नकोस. मी किनाऱ्यावरच्या आमच्या बाकावर आहे. आज गुरुवार नाही, तेव्हा तिथे कोणी नसेल. माझी बाही उसवली नसेल, तर माझ्या टेबलावर ठेव. चुका मी स्वतः पाहीन.

आणि मी परतल्यावर माझ्याशी गोड बोलू नकोस.

तुझी सासू,
साल्मे