बारीक फोडलेली लाकडं

हालवर, माझ्या हट्टी म्हाताऱ्या,

मी बरी आहे. अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नकोस. उजवा हात अजून रुसलाय.

काल तुझी बहीण ओलाउग दवाखान्यात येऊन गेली. दोन हिवाळे पुरतील एवढी बर्चची लाकडं फोडून रचलीस म्हणे. गुडघा कसा आहे? पाणी आत मुरू नये म्हणून वरच्या थराची साल आभाळाकडे ठेवलीस ना?

शेजारच्या एमब्रिकने चिडवलं म्हणे, "एवढी बारीक? लाकडं आहेत की काड्यापेटीच्या काड्या?" आणि तू म्हणालास, "चूल गुनवोर पेटवणार. तिच्या हातात मावायला नकोत?"

डॉक्टर घरी कधी सोडणार ते सांगत नाहीत. हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू मी रागाने खाटेखाली भिरकावला होता. ओलाउग गेल्यावर नर्सला तो काढून द्यायला सांगितला.

तुझ्या चुलीची मालकीण,
गुनवोर